गावाचे सहा अंश कमी करणारी पेटी

३१ मे २०२४ च्या दुपारी आमच्या पानठेल्यावर तापमानावरून हातघाईची वेळ आली होती. आदल्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसल्याची बातमी प्रत्येकाच्या मोबाईलवर होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. एकाच्या मोबाईलमध्ये गावाचं तापमान ४३ होतं. पानठेल्याच्या टिनाखाली बियाण्याच्या जाहिरातीसोबत फुकट आलेला तापमापक टांगलेला होता, त्यात ४९. "नागपूरले छप्पन अन् आपल्याले त्रेचाळीस? काहून, आपलं ऊन का उधारीचं हाये?" असा एकंदर सूर. पुढे त्या केंद्राचा सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला, पण ५६ जितकं पळालं तितका खुलासा पळाला नाही.

मी घरी आलो आणि लेकीच्या शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला काचेचा तापमापक मागच्या भिंतीला बांधला. तीन वाजता ५१. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तोच तापमापक कडुनिंबाच्या फांदीला टांगला, तर ४२. अंतर पंधरा पावलं, फरक नऊ अंशांचा. भिंतीचं, टिनाचं की निंबाचं, गावाचं तापमान म्हणायचं तरी कशाला?

उत्तर शोधायला वेळ लागला, पण आहे सोपं. तापमापक फक्त स्वतःचं तापमान सांगतो. त्याच्यावर ऊन पडलं की तो उन्हाने तापतो. मागे भिंत असली की भिंतीच्या धगीने तापतो, खाली उघडी जमीन असली की तिच्याही. आपल्याला हवं असतं हवेचं तापमान, म्हणजे सावलीतल्या वाहत्या हवेचं. मग निंबालाच का टांगून ठेवू नये? कारण झाडाची सावली दिवसभर सरकत राहते, पानांतून पाण्याची वाफ जाते त्याने खालची हवा गार होते, आणि रात्री झाडाचं छत्र जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही, म्हणून पहाटेचा आकडा जास्त येतो. यावर तोडगा म्हणजे झिलमिल्यांची, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची, पांढरी पेटी. एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती काढली. हा माणूस दीपगृहं बांधणारा, आणि लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. आजही वेधशाळांच्या अंगणात पायांवर उभी असलेली पांढरी पेटी दिसते ती हीच. जुन्या रेल्वेच्या खिडकीला झिलमिल्या असत, त्या आठवून पाहा: वारा आत, ऊन बाहेर. तेच चारही बाजूंनी करायचं.

एवढं कळेपर्यंत पाऊस लागला, पेरण्या आल्या, मग कापूस वेचणी. पेटी राहून गेली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला प्रयत्न केला, तो पुरता फसला. घरात प्लायवूडचे तुकडे होते. त्यांचा खोका ठोकला, ड्रिलने भोकं पाडली, वर टिनाचा पत्रा लावला आणि सगळ्याला चंदेरी रंग दिला. ऊन परतवायचं तर चकचकीत हवं, असं माझं डोकं. रंग, स्क्रू मिळून ६२० रुपये गेले. दुपारी निंबाखाली ३२ असताना खोक्यात ३७! दोन चुका होत्या. भोकं कितीही पाडली तरी आत हवा खेळत नाही, कोंडून बसते. आणि चंदेरी रंग ऊन परतवतो खरा, पण जेवढी उष्णता घेतो तेवढी लवकर सोडत नाही. पांढरा तैलरंग ऊनही परतवतो आणि घेतलेली उष्णताही चटकन बाहेर टाकतो. बंडीवरचा टिनाचा पत्रा दुपारी हाताला का चटका देतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

त्या खोक्यात आता कोंबडी अंडी घालते.

मग ठरवलं की नीट लाकडाचीच करायची. आमच्या धुऱ्यावर वडिलांनी लावलेली दोन सागाची झाडं आहेत. सुतारकाका म्हणाले, "घरचं लाकूड असतानी इकत कायले घेता?" मला पटलं. ३ मार्चला तालुक्याला चौकशीला गेलो. झाड आपल्या वावरातलं असलं तरी साग तोडायला परवानगी लागते. झाडं तोडण्याबाबतचा १९६४ चा कायदा आहे आणि सागाचं नाव त्याच्या अनुसूचीत आहे. सातबारा द्यायचा, झाड आपल्याच हद्दीत आहे हे दाखवायचं, मग पाहणी, मग झाडावर शिक्का, मग तोड, आणि लाकूड आरागिरणीला न्यायचं तर वाहतुकीचा पास वेगळा. आमची झाडं धुऱ्यावर, म्हणजे शेजाऱ्याची संमती आली, नाहीतर मोजणी. समोरच्या बाबूने सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "घर बांधता का?" मी तापमापकाची पेटी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. झाडं उभीच राहिली, आणि बरंच झालं. ओल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या आपल्या उन्हात महिन्याभरात पिळवटल्या असत्या.

तुम्ही करणार असाल तर सरळ जुनं लाकूड शोधा. तालुक्याला एक वाडा पाडायला काढला होता, तिथे झिलमिल्यांच्या खिडक्यांच्या तीन जोड्या १,१०० रुपयांत मिळाल्या. साठ-सत्तर पावसाळे खाल्लेला साग, आता तो कशाला वाकतो! रस्त्यात कुणी विचारलं तर दाखवायला विकणाऱ्याकडून साध्या कागदावर पावती लिहून घेतली. कुणी विचारलं नाही, पण घेतलेली बरी.

सुतारकाकांकडे सामान टाकलं १० मार्चला. पुढे होळी, त्यात लग्नसराई, त्यांच्या अंगणात आंदणाच्या दिवाणांची रांग. बारा दिवस माझ्या खिडक्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटी २२ तारखेला काम सुरू झालं. आतली लांबी ५६ सेंटीमीटर, खोली ३०, उंची ४०, असं माप मी दिलं होतं. भिंत दुहेरी: बाहेरच्या पट्ट्या बाहेर उतरत्या, आतल्या आत उतरत्या, कडेने पाहिलं तर घराच्या पाख्यासारख्या. प्रत्येक बाजूला आत अकरा, बाहेर अकरा, म्हणजे चारही बाजू मिळून ८८ पट्ट्या. आकडा ऐकून काकांनी रंधा खाली ठेवला. "भाऊ, एवढ्यात तं मी देव्हारा करून देतो."

पट्ट्या ४५ अंशांत बसवायच्या होत्या. त्यांनी चौकटीत खाचा पाडल्या आणि पहिली पट्टी बसवून म्हणाले, "घ्या, गावाले पंचेचाळीस पायजे होते ना, झाले."

छपराला दोन थर, मध्ये तीन बोटांची पोकळी. वरचा थर तापतो, पोकळीतली हवा ती धग वाहून नेते, खालचा थर गार राहतो. वरची फळी मागे उतरती आणि चारही बाजूंनी बाहेर आलेली. तळ आख्खा बंद करायचा नाही, उघडाही ठेवायचा नाही. तीन फळ्या, मधली थोडी वर उचललेली, कडा एकमेकींवर आलेल्या, म्हणजे खालून हवा येते पण जमिनीची धग सरळ तापमापकावर जात नाही. दार उत्तरेला, खाली पडणारं, पितळी बिजागऱ्यांवर.

चार दिवसांची मजुरी २,८०० रुपये झाली. पैसे देण्याआधी दोन परीक्षा घेतल्या. रात्री पेटीत बॅटरी पेटवून दार लावलं आणि चहूबाजूंनी डोळा पेटीच्या उंचीला आणून पाहिलं: उजेडाची सरळ तिरीप कुठूनच येता कामा नये. एका कोपऱ्यातून येत होती, तिथली पट्टी काकांनी कुरकुरत बदलून दिली. दुसरी परीक्षा अगरबत्तीची. आत लावली आणि धूर सगळ्या बाजूंनी सहज बाहेर येतो का पाहिलं. सुतारकाकूंनी येता-जाता हात जोडले.

प्रायमर आणि पांढऱ्या तैलरंगाचे दोन हात, ३४० रुपये. चुना देऊ नका, पहिल्याच पावसात पोपडे धरतो. ८८ पट्ट्यांना वरून-खालून ब्रश मारायला मला आणि लेकीला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी शेवटी ती झोपेतही पट्ट्या मोजत असावी.

आता पेटी ठेवायची कुठे? नियम असा की भिंत किंवा झाड जेवढं उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडायचं. आमच्या अंगणात हे शक्यच नव्हतं. तिकडे शेजाऱ्याचं टिन, इकडे आमच्या कुलरचा फवारा. मोकळी जागा एकच, शाळेचं मैदान. १७ मार्चला मुख्याध्यापकांना अर्ज दिला. ते म्हणाले, व्यवस्थापन समितीसमोर ठेवतो, पण ग्रामपंचायतीचा ठराव आणा. ग्रामपंचायतीत मार्च एंडिंग सुरू. घरपट्टी, पाणीपट्टीच्या वसुलीपुढे माझ्या पेटीला कोण विचारतो? ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी अर्ज जानेवारीत द्यावा, मार्चमध्ये मुळीच नाही.

मासिक सभेत विषय निघाला तेव्हा एका सदस्याने जो प्रश्न विचारला तो मला सुचलाच नव्हता. "ह्या डब्यानं तापमान कमी दाखवलं अन् इमा नाही भेटला तं?" हसण्यासारखी गोष्ट नव्हती. हवामानाच्या आकड्यावर काही विम्यांची भरपाई ठरते हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं की सरकारी नोंदी महसूल मंडळात बसवलेल्या महावेधच्या स्वयंचलित केंद्रांवरून जातात, माझ्या वहीला कुणी हिंग लावून विचारणार नाही. तरी अर्जात एक ओळ वाढवून घेतली: "सदर नोंदींचा कोणत्याही शासकीय कामी उपयोग होणार नाही." ठरावाची नक्कल हातात पडली ८ एप्रिलला.

या रिकाम्या दिवसांत तापमापक तपासून घेतला. मी ७५० रुपयांचा कमाल-किमान तापमापक मागवला होता, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीचा. जेम्स सिक्स या इंग्रज माणसाने अठराव्या शतकात काढलेली ही युक्ती आहे. पारा आपल्यापुढे एक बारीक काटा ढकलत नेतो आणि मागे सरकताना काटा तिथेच सोडून देतो. तो बर्फात बुडवून तपासणं अवघड, म्हणून आधी शाळेतला काचेचा तापमापक घेतला. बर्फगोळेवाल्याकडून बर्फ आणला, किसला, थोडं पाणी घालून त्यात पंधरा मिनिटं ठेवला: अर्धा अंश वर. मग हा आणि नवा, दोन्ही पाण्याच्या बादलीत उभे बुडवून शेजारी शेजारी वाचले. हिशेब करता आमचा नवा तापमापक एक अंश जास्त दाखवतो असं निघालं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक आकड्यातून एक वजा.

स्टँड लोखंडी अँगलचा करून घेतला, १,३५०. लाकडी पायांना वाळवी सोडणार नाही. उंची अशी की तापमापकाचा फुगा जमिनीपासून चार फुटांवर यावा. १४ एप्रिलच्या जयंतीचा मांडव मैदानावर होता. तो निघाला आणि १६ तारखेला संध्याकाळी मांडव काढणाऱ्याच पोरांनी खड्डे खणून पेटी उभी करून दिली. शाळेची इमारत चौदा फूट उंच, आम्ही चाळीस फूट लांब राहिलो. गुरं अंग घासू नयेत म्हणून भोवती तुराट्यांचं बुटकं कुंपण.

१७ एप्रिल, सकाळी साडेआठ. लेकीने पहिली नोंद वाचली: किमान १४. एप्रिलात! आम्ही क्षणभर चिखलदऱ्याला राहायला गेलो. मी वावरात जायच्या घाईत होतो, म्हटलं तापमापक अजून बसतोय. संध्याकाळी साडेपाचला तिने पुन्हा वाचलं: कमाल ५४. मी घरी पोचायच्या आधी हे पानठेल्यावर पोचलं होतं. लोक खूश! दोघांनी मला चहा पाजला. रात्री बॅटरी घेऊन गेलो तेव्हा चूक दिसली. काट्याला दोन टोकं असतात. वाचायचं खालचं, पाऱ्याला टेकणारं. तिने दोन्हीकडे वरचं वाचलं होतं. किमानाच्या बाजूचे आकडे उलटे चढतात, म्हणून एकीकडे दहा-अकरा अंश कमी आणि दुसरीकडे तेवढेच जास्त. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सांगायला गेलो, तर कुणाला ऐकायचीच नव्हती.

२१ एप्रिलला चांगलं तापलं. आमच्या पेटीत कमाल ४३.५. पानठेल्याच्या टिनाखाली ४९, मोबाईलमध्ये ४३. मोबाईल बरोबर निघाला याचा लोकांना जास्त राग आला. "भाऊ, तुमच्या डब्यानं गावाचे सहा अंश खाल्ले," पानठेलेवाला म्हणाला, आणि आठवडाभर मी तिकडे गेलो की कुणीतरी म्हणे, आले अंश कापणारे. वारा पडलेला असला तर आमच्या पेटीतही एखादा अंश जास्तच येतो, असं मी सांगून पाहिलं. म्हणजे खरं अजून कमी? मग तर संपलंच.

दार उत्तरेला ठेवतात ते वाचताना आत ऊन येऊ नये म्हणून. पण आपण स्कॉटलंडात नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून तिरका येतो. त्या दिवसांत दार उघडायच्या आधी छत्री आडवी धरायची, तोंड आत घालून श्वास सोडायचा नाही, झटकन वाचायचं, मग लोहचुंबकाने काटे खाली आणायचे. कमाल आकडा संध्याकाळी राहून गेला आणि दुसऱ्या सकाळी वाचला, तर तो कालच्या तारखेपुढे लिहायचा.

मी नवतप्याची, मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांची, वाट पाहत होतो. यंदा काय करतो बघू म्हणत वहीत खास रकानेही आखले होते. पण २०२५ चा मे अवकाळीनेच धुतला, रोहिणीत पंखे बंद करून झोपलो. एवढं करून ४५ चा आकडा माझ्या वहीत आलाच नाही.

खरा घोटाळा जुलैत झाला. काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, हे मला जन्मापासून माहीत. तरी एप्रिलात कोरड्या जमिनीत दीड फुटाचे खड्डे करून मी स्टँड गाडला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी पूर्वेकडे कलली. वारा आला की थरथरायची, आणि थरथरीने काटा घसरायचा. सहा दिवसांच्या नोंदी मी लाल रेघ मारून सोडून दिल्या. उघडीप मिळाली तेव्हा तीन फूट खणून काळी माती बाहेर काढली, मुरूम ठोकून भरला, वर गिट्टी-सिमेंट. ३०० रुपयांचं काम. एप्रिलातच केलं असतं तर? असो. फसलेला खोका सोडून एकूण खर्च ६,६४० रुपये झाला.

त्याच सुमारास दाराच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं आणि लेकीच्या मनगटाला एक चावली. तेव्हापासून दार उघडण्याआधी पेटीला खालून दोन टिचक्या मारायच्या आणि बाजूला व्हायचं. आत फवारा मारू नका, रंग चिकट होतो आणि धूळ धरतो. घर लहान असतानाच संध्याकाळी काडीने काढून टाकायचं.

डिसेंबरात वारं फिरलं. आमची शाळा नाल्याच्या खोलगटात, थंड हवा रात्री तिकडे उतरून साचते. एका पहाटे मोबाईल १२ म्हणत होता आणि पेटीत ९. हा आकडा मात्र लोकांनी आनंदाने घेतला. थंडी जास्त हे चालतं. शेकोटीजवळ "आपल्या डब्यात नऊ होते" असं ऐकलं, तुमच्या डब्यातून आपल्या डब्यात यायला आठ महिने लागले.

परवा, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पानठेलेवाला स्वतः आला. टिनाखालचा तापमापक कागदात गुंडाळून आणला होता. "एक दिवस तुमच्या डब्यात ठेवून पाहू का? माह्या काटा बिघडला हाये का पाहाचं हाये." आम्ही दोन्ही शेजारी टांगले. दुपारी तीनला उघडलं तर आमचा २९.५, त्याचा ३०. जाहिरातीसोबत फुकट आलेला, पण एकदम नेकीचा तापमापक. तो खूप वेळ पाहत राहिला. मग त्याने तो काढला, पुसला आणि परत कागदात गुंडाळला.

"राहू द्या की इथेच," मी म्हटलं.

"नाही भाऊ. टिनाखालीच बरा. एप्रिलात गिऱ्हाईकाले एकोणपन्नासच लागते, तवाच सरबत खपते."